सुतळी कड्यात मावेना

आमच्या जावयांना त्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, सुतळी असं नाव ठेवलं होतं. हे जाऊन बरीच वर्षं झाली, पण नाव मागे राहिलं. आता कुणी नव्याने ते नाव ऐकलं, की आधी जावयांकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि विषय बदलतो.

ठेवलं तेव्हा ते शोभत होतं. पहिल्यांदा काम मागायला आले तेव्हा दारात असे उभे राहिले की मला वाटलं, कुणीतरी भिंतीला काठी टेकवून गेलंय. ह्यांनी त्यांची हुशारी बघितली नाही, कामाचा उरक बघितला नाही. बारीक आहे, एवढंच बघितलं आणि ठेवून घेतलं. पुढे लेकही दिली. ती का दिली हे मला अजून उमगलेलं नाही. लेकीला विचारलं तर म्हणते, "आई, तेव्हा हसायचे छान." हसायचे छान! दात तर कंगव्यालाही असतात.

आमचं घरचं काम पाण्याच्या टाक्या धुण्याचं. गच्चीवरची सिमेंटची टाकी खोलीएवढी असते, पण तिचं तोंड मात्र एवढंसं, गोल. झाकण काढायचं, त्या तोंडातून आत उतरायचं, तळाचा गाळ खरवडून बादलीत भरायचा, भिंती घासायच्या, औषधाच्या पाण्याने धुवायच्या आणि आलो त्याच वाटेने बाहेर यायचं. एकजण आत, एकजण वर. आतल्याच्या कमरेला दोर, दोराचं टोक वरच्याच्या हातात. ह्यांचा एक नियम होता, तो मोडणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी दारात उभं करत नसत. आत माणूस आहे तोवर वरच्याने बोलत राहायचं. गप्पा मारा, गाणं म्हणा, भांडा, पण तोंड मिटायचं नाही. आणि आतल्याने मधून मधून हूं म्हणायचं. टाकीत हवा कोंडते, माणूस कधी गपकन बसेल सांगता येत नाही. हूं आलं नाही की दोर ओढायचा.

लग्न झाल्यापासून वर बसून बोलायचं काम माझ्या लेकीकडे. आत जावई, नुसते हूं हूं करत. घरीही तेच करतात, म्हणून त्यांना ते काम जड गेलं नाही. मधल्या वेळेत वर आले की डबा उघडायचे. आधी आपला भाग, मग लेकीचा अर्धा. "तू काय, बसूनच होतीस," म्हणायचे. बिचारीचा घसा बसलेला असायचा, तिला धड उत्तरही देता यायचं नाही.

ह्यांची दुसरी खोड म्हणजे कडं. मागच्या अंगणात ते अजून आहे. टाकीच्या तोंडाच्या अगदी मापाचं लोखंडी कडं, चार पायांवर, कमरेएवढ्या उंचीला जोडलेलं. आजारातून उठलात, पाहुणचार झोडून आलात, सुट्टीवरून आलात, की कामावर जायच्या आधी कड्याखाली उकिडवं बसायचं आणि त्यातून उभं राहायचं. उभे राहिलात तर चला कामाला. अडकलात तर बारीक व्हा, मग या. हे स्वतः शेवटपर्यंत त्यातून असे उभे राहायचे, जसं कुणी खिडकीतून डोकावून रस्त्यावर कोण आलंय ते बघतं.

आता मूळ गोष्ट. यंदा आमच्या नातीने, म्हणजे लेकीच्या लेकीने, तिला नोकरी लागल्याच्या आनंदात आईबापाला समुद्रकाठच्या एका हॉटेलात पाठवलं. मी घरी राहिले. मला पाणी बघायची हौस नाही, जन्मभर त्याचाच गाळ काढलाय.

परत आले तेव्हा जावई दारातून आत शिरताना जरा तिरके झाले. हातात बॅग आहे म्हणून असेल, असं मी मनाला सांगितलं. बॅग खाली ठेवली. तरी तिरकेच.

"काय जावईबापू, समुद्र कसा होता?"

"आई, सकाळच्या नाश्त्याचं तर विचारूच नका."

"मी समुद्राचं विचारलं."

"होता की. जेवणाच्या खोलीतून दिसायचा."

लेक बाजूला उभी राहून चपला काढत होती. म्हणाली, "आई, जेवण भाड्यातच धरलेलं होतं. यांना वाटलं, कमी खाल्लं तर पोरीचा अपमान होईल."

मग मोबाइलवर फोटो दाखवले. एका फोटोत जावई आणि अंडी. एका फोटोत जावई आणि केक. एका फोटोत जावयांच्या पुढे तळलेल्या बटाट्यांचा ढीग, आणि खूप मागे, कोपऱ्यात, काहीतरी निळं. तोच समुद्र. लेक एकाही फोटोत नाही, कारण फोटो काढायला कुणीतरी लागतंच.

पुढच्या आठवड्यात, रविवारी, मोठ्या दवाखान्याची टाकी होती. हे काम सगळ्या कामांचा राजा. वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी. सकाळी टाकी रिकामी करतात, खाटांवरच्या माणसांसाठी पाणी पिंपांत भरून ठेवतात आणि दुपारी पुन्हा नळ सुरू झाले पाहिजेत, त्यात मागेपुढे चालत नाही. दवाखान्याची टाकी आम्ही धुतो, म्हणून बाकीच्या इमारती आम्हाला बोलावतात. ते काम हातचं गेलं असतं तर बाकीची एकेक करून गेली असती. हे लेकीला माहीत होतं, मला माहीत होतं. जावयांनाही माहीत असावं, पण तोंडात काहीतरी असल्यामुळे त्यांना ते सांगता आलं नाही.

लेकीने पहिल्याच दिवशी विषय काढला. "अहो, या खेपेला मी उतरते आत. मला जमेल. तुम्ही वर बसा."

जावयांनी पावाला लोणी लावणं थांबवलं. "तू आत, आणि मी वर बसून बडबड करू? दवाखान्याची माणसं बघतील मला!"

"बघू देत."

"मी अजून जिवंत आहे," जावई म्हणाले. "उद्यापासून एकदम कडक. खाणं बंद, व्यायाम सुरू. रविवारपर्यंत बघच." आणि लोणी पुन्हा लावायला घेतलं, कारण उद्या अजून उजाडायचा होता.

उद्या उजाडला आणि बाजारातून सामान आलं. नवे बूट आले, चालताना टाचेखाली लुकलुकणारे. चालणं मोजणारं घड्याळ आलं. पानांचा हिरवा रस काढायचं यंत्र आलं, त्याने सकाळी सकाळी असा आवाज काढला की शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, "काही तुटलं का?" मी म्हटलं, "नाही हो, जावई बारीक होताहेत."

तो रस ते डोळे मिटून प्यायचे आणि मग नाश्त्याला बसायचे. मी म्हटलं, "जावईबापू, मला वाटलं रस नाश्त्याऐवजी असतो."

"आई, रस हे औषध आहे. औषध उपाशीपोटी घ्यायचं, वर काहीतरी खायचं. डॉक्टरसुद्धा हेच सांगतात."

"कुठले?"

"सगळेच."

व्यायामाचंही तसंच. मोबाइलवर एक चपळ मुलगा उड्या मारून दाखवायचा आणि आमचे जावई सोफ्यावर आडवे पडून त्याला बघायचे. लेक म्हणाली, "अहो, उठा की." तर म्हणे, "आधी नीट बघून घेऊ दे. चुकीचा व्यायाम केला तर कंबर जाते." तो मुलगा घाम पुसायचा, तेव्हा जावईही कपाळ पुसायचे. सकाळी मात्र बूट घालून चालायला न चुकता जात. कुठे जातात म्हणून मी एकदा खिडकीतून बघितलं, तर कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत. येताना हातात पुडा. "मोकळ्या हाताने घरी कसं यायचं?" हे त्यांचं म्हणणं. इतकी माया त्यांनी लग्न झाल्यापासून घरावर कधी केली नव्हती.

शनिवारी लेकीने कड्याजवळ उभं राहून हाक मारली. "अहो, या. आज बघायलाच हवं."

जावई आले, जुना बनियान घालून, त्याला तेल चोपडून. कड्याखाली बसायला वाकले, तसेच सरळ झाले. पुन्हा वाकले, पुन्हा सरळ. मग काय वाटलं कोण जाणे, घरातून स्टूल आणलं, त्याच्यावर चढले आणि वरून कड्यात पाय घातले. पोटापाशी थांबले. हात वर केले, श्वास ओढला, अंग हलवलं, आणि एकदम फसकन खाली गेले. कडं हललं, कोंबड्या असत्या तर उडाल्या असत्या. कड्याच्या चार पायांमधून रांगत बाहेर आले, ते अगदी किल्ला जिंकून आल्यासारखे.

"बघितलंत आई? गेलो!"

"गेलात. पण उलटे गेलात. ह्यांचा नियम खालून वर यायचा होता."

"वरून काय, खालून काय! भोक तेच, माणूस तोच. गेलो म्हणजे गेलो."

"जावईबापू, वरून खाली तर पोतंही जातं. त्याला वर चढताना बघितलंय का कुणी?"

लेक म्हणाली, "अहो, आई बरोबर सांगतेय. एकदा खालून करून दाखवा, मग मी काही बोलणार नाही."

"तुम्ही मायलेकी मला कमी लेखायला टपलेल्याच असता," जावई म्हणाले आणि तेलकट बनियानानेच माझ्या सोफ्यावर जाऊन बसले. त्या डागावर मी अजून उशी ठेवते.

रविवारी दोघं गेली. पुढचं लेकीने सांगितलं ते, आणि नंतरचं माझ्या डोळ्यांनी बघितलेलं.

जावई आत गेले. कसे गेले ते मला माहीतच होतं. लेक वर बसली, दोर धरला, हवेचा पंखा आत सोडला आणि बोलायला लागली. पण या खेपेला हूं नीट येईना. एकदा यायचं, मग नुसता धापा टाकल्याचा आवाज. लेकीने दोनदा दोर ओढला, तर आतून, "अगं जिवंत आहे, ओढू नकोस!" गाळ निघाला, बादल्या वर आल्या. भिंतींचा एक भाग घासून झाला आणि जावई म्हणाले, "जरा वर येतो. डबा काढ."

डबा काढला. जावई शिडीवरून वर आले. आधी डोकं आलं, खांदे आले, हात आले. कोपरं तोंडाच्या कडेवर टेकवली, जोर केला, आणि तिथेच थांबले. उतरताना पोट वर सरकतं, तिथे त्याला जागा असते. चढताना ते कडेखाली गोळा होतं. एवढं कळायला शाळा लागत नाही, पण जावयांना ते तिथे, त्या भोकात, उन्हात कळलं. दोन्ही हात बाहेर पसरून ते कुंडीतल्या झाडासारखे उभे होते. लेकीने ओढलं. दवाखान्याचा देखरेख करणारा माणूस धावत आला, त्याने ओढलं. जावई ओरडले, "हात उपटाल!" शेवटी लेक म्हणाली, "अहो, पुन्हा खाली जा. निदान उन्हातून तरी सुटाल."

देखरेखवाला घड्याळ बघायला लागला. म्हणाला, "ताई, दुपारी पाणी सोडायचंय. मी गवंडी बोलावतो, तोंड फोडून यांना काढतो."

"तोंड फोडलं तर आज पाणी कसं भराल?"

"ते मी बघतो. पण पुढच्या वर्षी मग दुसरे कुणीतरी बघावे लागतील मला. राग मानू नका."

लेकीने त्याच्याकडून थोडा वेळ मागून घेतला आणि मला फोन लावला. "आई, पातळ साबणाचा मोठा डबा घेऊन ये. रिक्षाने ये." मागून टाकीतून घुमत आवाज आला, "आईंना म्हणावं, खाण्याचा डबा पण आणा! इथला ऊन लागून खराब झाला असेल!"

मी गेले. लिफ्टने वर, मग एक जिना, गुडघे धरत. गच्चीवर माझी लेक आधीच वाट बघत होती. तिने खालून परिचारिकेकडून रुंद पट्ट्यांच्या गुंडाळ्या मागून आणल्या होत्या, मोडलेल्या बरगड्यांना बांधतात तसल्या. मी टाकीच्या तोंडाशी वाकले. आत दिवा लावलेला, आणि त्या उजेडात जावई उलट्या बादलीवर बसलेले. वर बघून म्हणाले, "आई, आणलंत?"

"साबण आणलाय."

"आणि?"

"आणि काही नाही. आत जागा आहे का कशाला?"

एवढं बोलायला मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

लेकीने ओढणी कमरेला घट्ट खोचली, दोराचं दुसरं टोक स्वतःला बांधलं, मधला दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, तू बोलत राहा." मग पाय आत घातले आणि गेली. नुसती गेली. ना हलली, ना अडली, जसं पत्र पेटीत टाकावं. देखरेखवाला बघतच राहिला.

मी वरून बोलत होते. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बरंचसं जावयांबद्दल होतं आणि आतून मला दोन हूं येत होती, एक लेकीचं आणि एक नाइलाजाचं. आत लेकीने नवऱ्याला उभं केलं, बनियान काढायला लावला आणि छातीपासून कमरेपर्यंत पट्टी आवळत गेली.

"अगं, श्वास जाईना!"

"आत घेऊ नका. सोडून द्या. सोडलेला बरा. अजून सोडा. एवढा भरून ठेवलाय कशाला?"

पट्टीवर साबण ओतला. जावई शिडी चढले. लेक खालून खांद्याने ढकलायला लागली, वरून एक हात देखरेखवाल्याने धरला, एक मी. जावई श्वास सोडत सोडत एवढंसं तोंड करून वर आले, अडले, लेकीने खालून काहीतरी सांगितलं, ते एकदम दचकले, आणि बाटलीचं बूच निघावं तसे बाहेर आले. आम्ही तिघंही गच्चीवर पडलो. पँटचं एक बटण कुठेतरी गेलं, ते अजून सापडलेलं नाही. दवाखान्याच्या पाण्यात नसेल अशी मी आशा करते. लेकीने काय सांगितलं ते मी नंतर विचारलं. म्हणाली, "एवढंच म्हटलं की आता गवंड्याला बोलावते."

जावई पट्टी गुंडाळलेल्या अंगाने बसून धापा टाकत होते. देखरेखवाल्याने टाकीत वाकून विचारलं, "ताई, येताय ना वर?"

"काम अर्धं राहिलंय," आतून आवाज आला. "ब्रश द्या खाली. आणि अहो! बोला!"

जावयांनी माझ्याकडे बघितलं. मी दोर त्यांच्या हातात दिला आणि बाजूला सावलीत जाऊन बसले. शेजारीच तो सकाळचा डबा होता. जावयांचा हात तिकडे गेला, तसा दोराला आतून हिसका बसला.

"अहो, गप्प का?"

"बोलतोय, बोलतोय! काय बोलू?"

"काहीही. समुद्राचं सांगा."

आणि जावई समुद्राचं सांगायला लागले. त्यांनी बघितलेला नव्हता म्हणून लवकर संपला. मग नाश्त्याचं सांगायला लागले. अंड्यांचं, केकचं, बटाट्यांचं, एकेक पदार्थ सविस्तर, आणि हात डब्यावर. घास घेतला की आवाज थांबे, आवाज थांबला की दोर हिसके, ठसका लागे. शेवटी त्यांनी डबा पायाने दूर सारला. त्या दिवशी दवाखान्यात नळ वेळेवर सुरू झाले. लेक टाकीतून बाहेर आली, कपड्यांना गाळ, तोंडावर पाणी, आणि एवढी छान हसली की मला वाटलं, जावई तेव्हा कसे हसायचे ते हिनेच आता घेतलंय. देखरेखवाला तिला म्हणाला, "पुढच्या वर्षी हीच तारीख, ताई." जावयांना नाही म्हणाला. तिला.

तेव्हापासून कामाला दोघं जातात, आणि आत लेक असते. जावयांनी रुसून बघितलं, पाठदुखी काढून बघितली, काही चाललं नाही. आणि एक गंमत झाली. टाकी धुणं म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंतचं काम. तेवढा वेळ तोंड चालू ठेवायचं म्हणजे त्यात काही टाकता येत नाही. रसाच्या यंत्राने जे झालं नाही, लुकलुकणाऱ्या बुटांनी झालं नाही, ते बायकोला दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधल्यावर व्हायला लागलं. जावई वजनाने उतरायला लागले. आता बेकरीपुढूनही कधीकधी मोकळ्या हाताने येतात. शेजारणीला मात्र सांगतात, "सगळी मनाची तयारी हो. मी एकदा ठरवलं की ठरवलं." ती बिचारी ऐकून घेते. मी भिंतीच्या अलीकडे चहा गाळत असते, नाहीतर काहीतरी बोलले असते.

परवा सकाळी मी मागच्या दारात बसले होते. लेक कामावर निघायच्या तयारीत, शिडी बाहेर काढून ठेवलेली. जावई गुपचूप कड्यापाशी गेले. इकडे तिकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले, सगळेच नाही. ते कड्याखाली उकिडवे बसले, श्वास सोडला आणि वर आले. खांदे आले, छाती आली, पोटापाशी कडं जरा कुरकुरलं, आणि ते उभे राहिले. खालून वर, ह्यांच्या नियमाने.

"अगं! बघ! बघ ना!" कड्यात उभे राहून ते ओरडले. "आलो! आता आजपासून मी आत!"

लेकीने बघितलं. मान हलवून म्हणाली, "छान झालं हो. खरंच छान झालं." आणि दोर उचलून स्वतःच्या कमरेला बांधायला घेतला.

"अगं, पण मी मावतो आता."

"मावता ना? मग असंच मावत राहा," तिने गाठ आवळली. "चला, उशीर होतोय. आणि वाटेत खाऊ नका काही, आज टाकी मोठी आहे. खूप बोलायचंय तुम्हाला."